एमडी की डीओ? दोन्ही ऑफर हातात असताना निर्णय कसा घ्यावा

तुमच्या मुलीला किंवा मुलाला अमेरिकेतल्या एका एमडी आणि एका डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजची ऑफर आली असेल, तर आधी तोंडभरून कौतुक करा. इथे एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. हे ठाऊक असूनही बऱ्याच घरांत पहिलं वाक्य निघतं ते "पण डीओ म्हणजे नक्की काय?" आणि मुलीचा चेहरा पडतो.

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर आहे. आमच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे डिग्रीनंतर हॉस्पिटलात घ्यायच्या शाखेच्या प्रशिक्षणाच्या, निवड समितीवरही आहे, त्यामुळे दर हिवाळ्यात दोन्हीकडच्या मुलांचे अर्ज वाचते, मुलाखती घेते. एप्रिल आला की ओळखीच्या मराठी कुटुंबांचे फोन येतात. मुलांनी इंग्रजीतलं सगळं वाचून काढलेलं असतं, अडतं ते आईबाबांचं. म्हणून हे आईबाबांसाठी, मराठीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. नुसत्या डिग्रीच्या नावावर निर्णय घेऊ नका. तिसऱ्या वर्षी मुलगी कुठल्या हॉस्पिटलात शिकणार, चार वर्षांनी डोक्यावर किती कर्ज असणार आणि तिला कुठल्या शाखेत जायचंय, या तीन गोष्टी पाहा. तिन्हींत दोन्ही ऑफर साधारण सारख्याच निघाल्या, तर एमडी घ्या. अजूनही एमडीच्या मुलांना काही दारं सहज उघडतात आणि डीओच्या मुलांना तीच ढकलावी लागतात. हे मी दरवर्षी पाहते, ते लपवून कुणाचं भलं होणार नाही.

नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर

पुण्याच्या आजीआजोबांना एवढंच सांगा: डीओ हा पूर्ण डॉक्टर असतो. औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, आयसीयू चालवतो. पन्नासही राज्यांत त्याला एमडीइतकेच अधिकार आहेत आणि त्याच कामाचा पगारही तोच. ही परंपरा अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी सुरू केली, पहिलं कॉलेज १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात निघालं. तेव्हा ती वेगळी वैद्यकशाखा होती. आज अभ्यासक्रम जवळजवळ एकच आहे, वर हातांनी सांधे-स्नायूंवर करायच्या उपचारांचं साधारण २०० तासांचं शिक्षण असतं. आता अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या दर चार मुलांपैकी निदान एक डीओ कॉलेजात असतो. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना कोविड झाला, तेव्हा टीव्हीवर रोज माहिती देणारे त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली डीओच होते. बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओकॉनर हेही डीओ.

गोंधळ होण्यामागे दोन कारणं आहेत. भारतात एमडी एमबीबीएसनंतर होते, इथे ती पहिलीच डिग्री. म्हणजे इथलं एमडी आणि इथलं डीओ एकाच पायरीवरचे. दुसरं, ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे डॉक्टर नव्हे, हाताने उपचार करणारा. इंटरनेटवर शोधलं की ती माहिती आधी समोर येते आणि काका फोन करून "फिजिओथेरपी का?" विचारतात. पुढे कधी भारतात प्रॅक्टिस करायचा खराच विचार असेल, तर आत्ताच नॅशनल मेडिकल कमिशनकडे लेखी विचारणा करा.

लग्नाच्या बायोडेटात कसं दिसेल, असंही मला विचारलं गेलंय. तो प्रश्न या निर्णयाच्या आसपासही आणू नका. मुलगी ऐकत असते.

आधी शाखेचं बोला

बाविसाव्या वर्षी कुणाला शाखा नक्की ठाऊक नसते, पण कल बहुतेकदा ठाऊक असतो. तिला विचारा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका.

फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स, सायकिअॅट्री, इमर्जन्सी मेडिसिन: कल इकडे असेल तर डिग्रीचा फरक फार पडत नाही. २०२० पासून सगळ्या रेसिडेन्सी एसीजीएमई या एकाच संस्थेच्या मान्यतेखाली आल्या आहेत आणि दोन्हीकडची मुलं एकाच मॅचमधून, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेतून, जातात. २०२५ च्या मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के आणि डीओ विद्यार्थ्यांपैकी ९२.६ टक्के जणांना जागा मिळाली. फरक एका टक्क्याहून कमी.

पण या आकड्यावर विसंबून राहू नका, कारण कोण कुठे गेलं हे त्यात दिसत नाही. डीओंमधली निम्म्याहून जास्त मुलं प्रायमरी केअरच्या शाखांत (फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स) जातात. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, ईएनटी, डर्मेटॉलॉजी यांत डीओ मोजकेच दिसतात. ऑर्थोपेडिक्सचं थोडं वेगळं आहे: मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियात पूर्वी डीओंच्याच असलेल्या रेसिडेन्सी आहेत, तिथे त्यांना अजून आपलं मानतात. कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोच्या फेलोशिपला, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या खास प्रशिक्षणाला, डीओ जातात का? जातात, आमच्याकडूनही गेलेत. मात्र खरी चाळणी त्याआधी लागते, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी मोठ्या युनिव्हर्सिटीत मिळवताना.

आमच्या मंडळातल्या एका मुलाच्या डोक्यात शाळेपासून ईएनटी होतं. स्वतःच्या बहिऱ्या भावामुळे, म्हणजे ते खूळ नव्हतं. त्याच्याकडे परराज्यातलं एमडी आणि घराजवळचं स्वस्त डीओ होतं. त्याला मी एका वाक्यात सांगितलं, एमडी घे, कर्ज वाढलं तरी घे. कल सर्जरीच्या छोट्या शाखांकडे असेल, संशोधनात रमणारा स्वभाव असेल किंवा मुलगी प्रामाणिकपणे "मला अजून काहीच माहीत नाही" म्हणत असेल, तर एमडीमुळे जास्त वाटा खुल्या राहतात.

तिसरं वर्ष कुठे काढणार?

लोक फीचं विचारतात, रँकिंगचं विचारतात, हा प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

पहिली दोन वर्षं वर्गात आणि स्क्रीनसमोर जातात. ती सगळीकडे सारखीच, आणि मुलं बाहेरचे व्हिडिओ पाहूनच परीक्षा देतात. डॉक्टर घडतो तिसऱ्या वर्षी: मेडिसिन, सर्जरी, पीडियाट्रिक्स, गायनॅक, सायकिअॅट्रीच्या रोटेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक विभागात पाळीपाळीने काम करताना. बहुतेक एमडी कॉलेजांना जोडलेलं मोठं टीचिंग हॉस्पिटल असतं. अनेक डीओ कॉलेजांकडे ते नसतं. ती मुलांना वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत पाठवतात, काही ठिकाणी एकेका डॉक्टरच्या क्लिनिकमध्येही.

फरक काय पडतो ते सांगते. आमच्या वॉर्डात विद्यार्थिनीला दोन पेशंट दिलेले असतात. ती पहाटे येऊन रात्री काय झालं ते नर्सला विचारते, पेशंटला तपासते, लॅब बघते आणि राउंडला अटेंडिंगसमोर (मुख्य डॉक्टरसमोर) उभी राहून सांगते: पोटॅशियम इतकं का उतरलं, आज लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू ठेवायचं की थांबवायचं. चुकली तर रेसिडेंट बाजूला घेऊन समजावतो. दुपारी तीच पेशंटच्या मुलीला फोन करते. असे दोन महिने गेलेलं मूल इंटर्नशिपच्या पहिल्या रात्री गांगरत नाही. याउलट ज्या हॉस्पिटलात रेसिडेंटच नाहीत, तिथे विद्यार्थी पुष्कळदा डॉक्टरच्या मागे पाहुण्यासारखा फिरतो. डॉक्टर चांगला असेल तर समोरासमोर खूप शिकवतो, अशी उदाहरणंही माझ्यासमोर आहेत. पण चिठ्ठी उचलल्यासारखं नशिबावर सोडलेलं हे शिक्षण अर्जात दिसतं. "मेहनती, वेळेवर येणारा, नम्र" एवढंच लिहिलेलं शिफारसपत्र वाचलं की मला कळतं, लिहिणाऱ्याने या मुलाला काम करताना पाहिलेलंच नाही.

तेव्हा दोन्ही कॉलेजांना, एमडीलाही, मुलीने स्वतः हे विचारावं. मुख्य रोटेशन एकाच हॉस्पिटलात होतात की दर महिन्याला गाव बदलतं? जागा कोण ठरवतं, लॉटरी का? त्या हॉस्पिटलात त्या शाखेचे रेसिडेंट आहेत का? चौथ्या वर्षाची रोटेशन कॉलेज लावून देतं की आपण शोधायची? राहण्याचा आणि गाडीचा खर्च कुणाचा? उत्तर "आमची अनेक उत्तम हॉस्पिटलांशी भागीदारी आहे" असं आलं, तर हॉस्पिटलांची नावं मागा.

अॅडमिशन ऑफिसवर थांबूही नका. माझ्या भाचीने दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शोधून मेसेज केले आणि प्रश्न एकच विचारला: गेल्या आठवड्यात तू स्वतः किती पेशंट प्रेझेंट केलेस? माहितीपत्रकात न सापडलेलं सगळं त्या उत्तरांत आलं. एकीने लिहिलं की ती अडीच तास गाडी चालवून रोटेशनला जाते. दुसऱ्याने त्याच्या वॉर्डाचं वर्णन करता करता इंटर्नचं नाव घेऊन त्याच्याकडून काय शिकला ते लिहिलं.

मॅचची यादी कशी वाचायची

बहुतेक कॉलेजं दर मार्चला कोण कुठे मॅच झालं त्याची यादी लावतात. तीन-चार वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा. मोठ्या नावांवर नजर जाते, ती आवरा. एक मुलगा मोठ्या नावाच्या हॉस्पिटलात गेला यावरून बाकीच्या दोनशेंबद्दल काही कळत नाही.

"प्रिलिमिनरी" शब्द शोधा. कॅटेगोरिकल जागा म्हणजे पूर्ण रेसिडेन्सी, प्रिलिमिनरी म्हणजे फक्त एक वर्ष. रेडिओलॉजी किंवा अॅनेस्थेशियाच्या आधीचं एक वर्ष म्हणून ते ठीक आहे, तिथे पुढची जागाही सोबत लिहिलेली असते. पण "सर्जरी, प्रिलिमिनरी" आणि पुढे काहीच नाही, अशा ओळी बऱ्याच दिसल्या, तर ती मुलं वर्षभराने पुन्हा रांगेत उभी आहेत. कॉलेज मात्र "९९ टक्के प्लेसमेंट" म्हणताना त्यांनाही धरतं, आणि मॅच न झाल्यावर सोप या उरलेल्या जागांच्या फेरीतून मिळेल ती जागा घेतलेल्यांनाही. आणखी एक आकडा मागा: चार वर्षांपूर्वी आत आलेल्यांपैकी किती जण वेळेत बाहेर पडले?

कॉलेज अगदी नवं असेल तर यादीच नसते, मग ते एमडी का असेना. पूर्ण मान्यता आहे की प्राथमिक टप्प्यावर आहे, तेही बघा: एमडी कॉलेजांना मान्यता एलसीएमई ही संस्था देते, डीओ कॉलेजांना कोका.

दोन परीक्षा आणि हातांची लॅब

डीओच्या मुलांना कॉमलेक्स ही डीओंची लायसन्स परीक्षा द्यावीच लागते. ज्यांना स्पर्धा असलेल्या शाखेत किंवा युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सीत जायचंय, ती यूएसएमएलई ही एमडीची लायसन्स परीक्षाही देतात. म्हणजे दोन फी, आणि दोन मोठ्या परीक्षा काही आठवड्यांच्या अंतराने. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप १ ला, २०२२ पासून गुण नाहीत, फक्त पास-नापास. पूर्वी डीओचा हुशार मुलगा तिथे २५० काढून सगळ्यांना गप्प करायचा, ती सोय गेली. आता सगळा भार स्टेप २ वर. मुलगी डीओला जाणार असेल तर पहिल्या दिवसापासून दोन्ही परीक्षा धरूनच आखणी करावी, असं मी सांगते.

हातांच्या उपचारांची लॅब तिला आवडेल का, हेही विचारा. टी-शर्ट-शॉर्ट्समध्ये टेबलावर पालथं पडायचं आणि वर्गमित्राने मणका न् मणका चाचपायचा, मग अदलाबदल. काहींना अवघडल्यासारखं होतं. पण त्यातून आलेला हात खरा असतो. कंबरदुखीच्या पेशंटला आमची डीओ रेसिडेंट तपासते तेव्हा ते दिसतं. कवटीच्या हाडांवरच्या उपचारांचा पुरावा मला पटत नाही, तरी परीक्षेसाठी तेही शिकावं लागतं.

पैशाचं स्पष्ट बोला

कागद घ्या आणि फक्त फी लिहू नका. राहणं, विमा, गाडी, परीक्षा, मुलाखती धरून कॉलेज जो वर्षाचा एकूण खर्च जाहीर करतं तो लिहा. चारने गुणा. मिळालेली स्कॉलरशिप वजा करा, आणि ती चारही वर्षं चालणार का ते लेखी घ्या.

आता नवा नियम. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज मिळणार नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर. समजा कॉलेजचा वर्षाचा खर्च ९०,००० आहे, तर दरवर्षी ४०,००० आणि चार वर्षांत १,६०,००० डॉलर बाहेरून उभे करायचे. खाजगी बँक त्यासाठी हमीदार मागणार, म्हणजे सही तुमची. शिवाय नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात १२० हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज माफ होण्याची जी सवलत आहे, ती फेडरल कर्जालाच लागू, खाजगीला नाही. आठ टक्के व्याज धरलं तर दर एक लाखावर वर्षाला ८,००० डॉलर नुसतं व्याज होतं, आणि रेसिडेंटचा पगार साठ-सत्तर हजार. पीडियाट्रिक्स किंवा फॅमिली मेडिसिन करणाऱ्याला हा भार सगळ्यात जास्त जाणवतो.

डीओ म्हणजे महागडं खाजगी कॉलेज, असंही सरसकट धरू नका. मिशिगन स्टेट आणि न्यू जर्सीचं रोवन या सरकारी युनिव्हर्सिटी एमडी आणि डीओ दोन्ही शिकवतात. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला, ओहायो आणि ओक्लाहोमातही सरकारी डीओ कॉलेजं आहेत.

मूल अजून एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असेल, तर फेडरल कर्ज नाहीच. काही कॉलेजं अशा विद्यार्थ्याकडून एकदम अनेक वर्षांची फी बाजूला ठेवून घेतात. तुलना करण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर कागदावरचा सगळा हिशोब फुकट.

माझ्या भाचीकडे तिच्या राज्यातलं जुनं सरकारी डीओ आणि दूरचं अगदी नवं खाजगी एमडी होतं. एमडीची एकही बॅच तोवर बाहेर पडलेली नव्हती आणि चार वर्षांचा खर्च जवळजवळ दुपटीने. तिला पीडियाट्रिक्स करायचं होतं. डीओच्या मुलांना ठरलेल्या हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात, रेसिडेंटबरोबर काम मिळत होतं. ताई शेवटपर्यंत एमडीवर अडून होती. भाचीने डीओ घेतलं, आज ती पीडियाट्रिक्सची रेसिडेंट आहे आणि तिचं कर्ज तिच्या आवाक्यात आहे. उलट, राज्यातलं सरकारी एमडी आणि महागडं खाजगी डीओ अशी जोडी असेल, तर दुसऱ्या फोनचीही गरज नाही. एमडी घ्या.

एकच ऑफर असेल आणि ती डीओची असेल, तर "पुढच्या वर्षी एमडीसाठी पुन्हा प्रयत्न कर" म्हणू नका. पुढच्या वर्षी काही मिळेल याची खात्री नाही, हातची जागा जाते आणि डॉक्टर म्हणून कमाईचं एक वर्ष लांबतं.

तारखा

एमडी कॉलेजांसाठी ३० एप्रिल लक्षात ठेवा. तोवर मुलीने एकच जागा निवडून बाकीच्या सोडायच्या असतात. एमडीचं डिपॉझिट बहुधा लहान असतं आणि त्या तारखेपर्यंत परत मिळतं. डीओ कॉलेजं मात्र पुष्कळदा हजार-दोन हजार डॉलर किंवा जास्तही घेतात, तेही लवकर, आणि परत देत नाहीत. एमडीची वेटलिस्ट मे-जूनमध्ये हलते, डीओचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. म्हणून डीओची जागा भरून ठेवून एमडीच्या वेटलिस्टवर राहणं शक्य असतं, फक्त दोन्ही कॉलेजांचे नियम वाचून. डिपॉझिट बुडण्याची तयारी मात्र आधीच ठेवा आणि त्यावरून नंतर मुलीला बोलू नका.

फायनान्शियल एड ऑफिसला फोन तिलाच करू द्या. दुसऱ्या ऑफरचा आकडा सांगून स्कॉलरशिप वाढते का, हे विचारायला काहीच हरकत नाही, कधी कधी वाढते. आणि ठरलं की सोडायची जागा त्याच दिवशी पोर्टलवरून सोडायला सांगा. वेटलिस्टवर कुणीतरी दर तासाला ईमेल उघडून बघत बसलेलं असतं.